त्या प्रश्नावलीतलं माझं उत्तर मी मागे घेते

प्रति,
मा. सिंडिकेट सदस्य, मा. कुलसचिव आणि मा. कुलसचिव (मूल्यमापन),
कर्नाटकाच्या सीमाभागातली सरकारी विद्यापीठं.

विषय: ऑफिस कर्मचाऱ्यांचं कामातलं जीवनमान आणि ताण.

सविनय नमस्कार.

गेल्या श्रावणात मॅनेजमेंटची एक संशोधक विद्यार्थिनी आमच्या विभागात आली होती. भिजलेली छत्री तिने दाराबाहेर ठेवली आणि प्रत्येकाच्या टेबलावर एक-एक प्रश्नावली ठेवत गेली. विद्यापीठातल्या ऑफिस कर्मचाऱ्यांचं कामाशी निगडित जीवनमान आणि त्यांच्यावरचा ताण, असा तिचा विषय. सुपरिंटेंडंटसाहेबांनी सांगितलं, जेवणाच्या आधी भरा आणि माझ्या टेबलावर आणून ठेवा. नाव लिहायचं नव्हतं. पण आमच्या विभागात आम्ही सातच जण. सात कागद एकावर एक पडणार, ते कोणत्या क्रमाने पडले हे साहेबांना दिसणार. मी सगळीकडे ‘सहमत’वर खूण केली. कामाबद्दल माझं म्हणणं ऐकून घेतलं जातं का, सहमत. ताण झेपण्यासारखा आहे का, सहमत. घर आणि ऑफिस दोन्ही नीट सांभाळता येतं का, सहमत. चार मिनिटांत कागद भरून झाला. बाकीच्यांनाही तेवढाच वेळ लागला.

ती मुलगी आमच्या त्या खुणा मोजून प्रबंधाचं एक प्रकरण लिहील. कर्मचारी समाधानी आहेत असं त्यात येईल. उद्या तोच आकडा कुणीतरी तुमच्यासमोर ठेवील. याची टोचणी मला गेले काही महिने लागून राहिली आहे. म्हणून ते उत्तर मी मागे घेते. खरं उत्तर या पत्रात आहे.

मी परीक्षा विभागात एफडीए, म्हणजे प्रथम दर्जा साहाय्यक आहे. नोकरीला एकोणीस वर्षं झाली. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही आणि कुणा अधिकाऱ्याचंही लिहिणार नाही. इथल्या दुसऱ्या विद्यापीठांत काम करणाऱ्या मैत्रिणींशी बोलते, तेव्हा खिडकी बदलते, गोष्ट तीच निघते. पत्र मराठीत आहे, कारण दिवसभर मी कन्नडमध्ये टिप्पणी लिहिते, कन्नडमध्ये फाईल पुढे सरकवते, त्या भाषेवर माझं पोट चालतं आणि तिच्याबद्दल मनात काही नाही. पण रात्री झोप का लागत नाही हे मला मराठीतच सांगता येतं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मराठी वाचता येतं. ज्यांना येत नाही, त्यांच्यासाठी कन्नड प्रत मी स्वतः लिहून काढली आहे, ती सोबत आहे.

आमच्याबद्दल लोकांचं एक मत ठरलेलं असतं. पंख्याखाली बसायचं, चहा प्यायचा, ‘नाळे बन्नी’, म्हणजे ‘उद्या या’, म्हणून माणसाला परत पाठवायचं. माझ्या सासूबाईही पहिली काही वर्षं असंच समजायच्या. तुम्हालाही कदाचित वाटत असेल की ही बाई जास्त कामाची तक्रार घेऊन आली आहे. तसं नाही. काम आम्हाला जड जात नाही. व्हॅल्युएशन कॅम्पच्या, म्हणजे पेपर तपासणीच्या दिवसांत आम्ही रात्री नऊ-नऊपर्यंत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजले आहेत. कोडिंग करताना एक आकडा चुकला म्हणून पूर्ण गठ्ठा पुन्हा उघडला आहे. शेवटची खानापूर बस चुकली की सहकाऱ्याच्या घरी मुक्काम केला आहे. त्या दिवसांत पाठ दुखायची, पण झोप लागायची. निकाल वेळेत लागला की ज्या पोरांची तोंडंही बघितली नाहीत, त्यांच्यासाठी बरं वाटायचं.

झोप गेली ती खिडकीवर. गेल्या मंगळवारचंच सांगते.

खानापूर तालुक्यातून, जांबोटीच्याही पलीकडून एक काका आले होते. पहिल्या बसने निघालेले. पायात प्लास्टिकच्या चपला, हातात कापडी पिशवी, पिशवीत मुलीचे कागद दुधाच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले, भिजू नयेत म्हणून. मुलगी बी. ए. झाली आहे, पुढं तिला कोल्हापूरला जायचं आहे, तिकडची प्रवेशाची मुदत जवळ आली आहे, आणि तिचा निकाल एका विषयात रोखून ठेवलेला आहे. त्यांची ही तिसरी खेप. ते म्हणाले, “मॅडम, पोरगीचा निकाल अडकलाय की वो. कॉलेजात गेलो तर म्हणतात युनिव्हर्सिटीत जावा. हितं आलो तर म्हणतात कॉलेजात जावा. मी जाऊ खरं, कुठं जाऊ तेवढं तरी सांगा.”

मी नंबर टाकला. अंतर्गत गुणांची चौकट रिकामी दिसत होती. बाकी सगळ्या विषयांत मुलगी चांगल्या गुणांनी पास आहे. कॉलेज म्हणतं, आम्ही गुण भरले होते. खरंही असेल. गुण भरायची मुदत संपली की ती चौकट बंद होते, आणि बंद झालेली चौकट उघडायचा अधिकार मला नाही. त्यासाठी मी टिप्पणी लिहिते. ती सुपरिंटेंडंटांकडे जाते, तिथून असिस्टंट रजिस्ट्रार, मग डेप्युटी रजिस्ट्रार, मग कुलसचिव (मूल्यमापन), मग संगणक विभाग, आणि तिथून बेंगळूरला. या मुलीची टिप्पणी मी अठरा दिवसांपूर्वी लिहिली होती. सुपरिंटेंडंटांच्या टेबलावरून ती गेली एवढं मला माहीत आहे. आज ती कुणाकडे आहे, कुणी काही विचारलं आहे का, मंजूर झाली की नाही, यातलं काही मला माहीत नाही. माहीत करून घ्यायची वाटही नाही. वर जाऊन विचारलं तर ‘तुमचं टेबल सोडून इथं काय करताय’ असं ऐकून परत यावं लागतं.

मी म्हटलं, “काका, पुढच्या सोमवारी या.”

सोमवार का? मला ठाऊक नाही. काहीतरी सांगायचं म्हणून सोमवार. त्यांनी मान हलवली, कागद पुन्हा दुधाच्या पिशवीत घातले आणि रांगेतून बाजूला झाले. समोरच्या कट्ट्यावर बसून त्यांनी भाकरी काढली. माझ्या खिडकीतून ते सरळ दिसत होते. सावकाश खाल्लं, पिशवी झटकली, खाली सांडलेला तुकडा उचलून कुत्र्याला दिला. त्या दिवशी माझा डबा तसाच घरी गेला.

ताण म्हणजे काय, हे मला विचाराल तर हाच. माणूस माझ्याकडे उत्तर मागतो, त्याचा तो हक्क आहे, आणि उत्तर माझ्याकडे नाही. निर्णय दुसऱ्याचा, मशीन दुसऱ्याचं, मुदत दुसऱ्याने ठरवलेली, तोंड मात्र माझं. दिवसाला अशी शे-सव्वाशे माणसं. त्यातल्या तीस-चाळीस जणांना मी जे सांगते ते मला स्वतःला खरं वाटत नाही. एकोणीस वर्षं मी प्रामाणिकपणे नोकरी केली आणि रोज संध्याकाळी खोटं बोलून घरी जाते, असं मला वाटायला लागलं आहे.

ती विद्यार्थिनी गेल्यावर मी थोडं वाचलं. तिच्या विषयात बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी एक मोजपट्टी आहे. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये ती छापली, आधी तिकडच्या आरोग्यसेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. तेवीस प्रश्न आणि सहा बाजू: कामातलं समाधान, एकूण स्वास्थ्य, घर-कामाचा मेळ, कामाचा ताण, कामाची परिस्थिती, आणि सहावी, कामावर आपला किती ताबा आहे ती. त्याच्याही आधी, १९७९ मध्ये, रॉबर्ट कारासेक नावाच्या अभ्यासकाने मांडलं होतं की नुसत्या कामाच्या बोजाने माणूस तेवढा खचत नाही. बोजा मोठा आणि त्याबद्दल ठरवायचा अधिकार शून्य, असं झालं की खचतो. हे वाचताना मला वाटलं, या माणसाने आमची खिडकी बघितली असावी. सहा बाजूंतल्या बाकी पाचांना आतून पोखरते ती ही ताब्याची बाजू. खुर्ची मोडकी असली तरी उशी घेऊन बसता येतं. माहिती नसेल तर कशावर बसायचं?

आता आमच्या टेबलावर नेमकं काय चालतं ते सांगते, कारण विद्यापीठाचा कारभार ठरवणाऱ्या सिंडिकेटच्या बैठकीत हे दिसत नसावं. २०२१ मध्ये राज्यात पदवीला नवं शैक्षणिक धोरण आलं, चार वर्षांचा अभ्यासक्रम आला. २०२४ मध्ये राज्याने ते थांबवलं आणि पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. धोरण बरोबर की चूक, ते ठरवणारी मी कोण. पण धोरण बदललं तरी मधली पोरं हवेत विरत नाहीत. २०२१ च्या आधीच्या योजनेतली बॅकलॉगची पोरं आहेत, मधल्या योजनेतली आहेत, आताची आहेत. एकाच खिडकीवर तीन योजना. विषयांचे कोड वेगळे, गुणांची विभागणी वेगळी, पास व्हायचे नियम वेगळे. एखादा मुलगा दोन विषय मागच्या योजनेतले घेऊन येतो आणि विचारतो, मॅडम, माझा पेपर कुठला? त्याचं उत्तर परिपत्रकात असतं. ते परिपत्रक वेबसाइटवर चढतं, कॉलेजांना जातं, विद्यार्थी संघटनांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतं, आणि सगळ्यात शेवटी आमच्या टेबलावर येतं. नियम बदलल्याचं आम्हाला कितीतरी वेळा विद्यार्थ्याच्या मोबाईलवर कळलं आहे. मुलगा मोबाईल काचेला लावतो आणि म्हणतो, हे बघा. मी वाकून वाचते. रांगेतली बाकीची पोरं माझ्याकडे बघत असतात. त्या वेळी जी शरम वाटते ती पगाराने भरून निघत नाही.

त्यात आपण सीमेवर आहोत. राज्याच्या मध्यावरच्या विद्यापीठात जे प्रश्न वर्षातून दोनदा येतात, ते आमच्याकडे रोज येतात. चंदगडचं पोरगं बारावी महाराष्ट्र बोर्डातून करून बेळगावच्या कॉलेजात येतं. तिथल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आमच्याकडे नाव आधी, मधे आद्याक्षर, शेवटी आडनाव. ‘कांबळे’ इंग्रजीत कुणी एक ‘ए’ घालून लिहितं, कुणी दोन. दहावीच्या कागदावर एक, आधारवर दुसरं, आमच्या हॉल तिकिटावर तिसरं. त्या एका ‘ए’साठी प्रतिज्ञापत्र, फी, आणि महिनाभराच्या फेऱ्या. ज्यांना पुढं शिवाजी विद्यापीठात किंवा गोव्याला जायचं, त्यांना मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलायचा दाखला हवा, आणि तो तिकडच्या मुदतीत हवं, आमच्या सोयीने चालत नाही. २०१० पूर्वी जिल्ह्यातली सर्वसाधारण कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती, म्हणून पन्नाशीतली माणसं पेन्शनच्या कागदांसाठी आमच्याकडे येतात आणि त्यांना धारवाडचा रस्ता दाखवावा लागतो. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमेवर वातावरण तापलं, दोन्ही राज्यांतल्या बस थांबल्या. त्या दिवसांत पलीकडच्या पोरांचे फोन थांबत नव्हते: फॉर्मची मुदत वाढेल का, उशिरा आलो तर चालेल का? मुदतवाढीचा अधिकार आमच्याकडे नाही आणि वरून आदेश आलेला नाही. पंचवीस-तीस जणांना मी ‘बघूया’ म्हटलं. ‘बघूया’ हा शब्द मला आता नकोसा झाला आहे.

खिडकीवर फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत असतो. समोरची आई मराठी. तिचा फॉर्म मी तोंडाने मराठीत सांगते, ती सांगेल ते इंग्रजीत लिहिते. हे काम कुठल्याही कार्यवाटपाच्या आदेशात नाही. माझ्या शेजारी गोकाकचा सहकारी बसतो, घरी शुद्ध कन्नड. त्याने खिडकीसाठी म्हणून मराठी शिकून घेतलं, आकडे, महिने, ‘काका बसा की’, सगळं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या दोघांमध्ये भाषेवरून आजवर एक शब्द वाकडा गेलेला नाही. बाहेर काय चालतं ते वर्तमानपत्रांत येतं. आतमध्ये आम्ही एकमेकांच्या डब्यातली भाजी खातो. पण हे जे दुभाष्याचं काम आम्ही करतो, त्याला वेळ लागतो, रांग लांबते, आणि ‘या खिडकीचा निपटारा कमी का’ असं विचारताना तो वेळ कुणी धरत नाही.

आणखी एका माणसाबद्दल लिहायचं आहे, जरा सविस्तर. आमचा डेटा ऑपरेटर होरगुत्तिगेवर आहे, म्हणजे एजन्सीमार्फत. येळ्ळूरच्या बाजूचा. अकरा वर्षं त्याच खुर्चीत बसतो. आजवर चार एजन्सी बदलल्या. एजन्सी बदलली की तो त्याच खुर्चीत नव्याने रुजू होतो, नवा अर्ज, नवे फोटो, अनुभव शून्य. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक २०१४ पासून माणसाला एकच, नोकरी बदलली तरी तोच असायला हवा. याच्या नावावर दोन निघाले आहेत, आणि जुन्यातले पैसे नव्यात आणायला तो अजून खेपा घालतो. टेंडर लांबलं की पगार लांबतो. एकदा दोन महिने लांबला. त्या दिवसांत तो रोज वेळेवर यायचा, कारण आला नाही तर खाडा, आणि खाडा झाला तर पुढच्या एजन्सीच्या यादीत नाव नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यात सातवा वेतन आयोग लागू झाला. आम्हा कायम लोकांचे पगार वाढले. दुपारी कुणीतरी म्हणालं, तोंड गोड करायला कुंदा आणूया. माझी पर्स उघडलेली होती. तेवढ्यात हा माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “ताई, पाचशे रुपये देशीला काय, पेट्रोलला? पगार झाला की देतो.” मी पाचशे त्याला दिले आणि कुंदा आणू नका म्हणून सांगितलं. आमच्याइतकं, खरं तर आमच्यापेक्षा जास्त काम तो करतो. निकालाची सगळी आकडेमोड त्याच्या बोटांतून जाते. त्याची एक चूक झाली तर हजार पोरांचा निकाल चुकतो. कंत्राटदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलं आहे. मूळ मालक म्हणजे विद्यापीठ, म्हणजे आपण. एजन्सीचा प्रश्न एजन्सीला विचारा, असं त्याला सांगितलं गेलं, तेव्हा मी तिथंच उभी होते.

माणसं कमी आहेत हे तुम्हाला माहीत आहे, त्यावर फार लिहीत नाही. मी आले तेव्हा विभागात अकरा जण होते. चौघे निवृत्त झाले, त्यांची टेबलं आम्ही फायली ठेवायला वापरतो. २०१९ मध्ये सरकारने चौथ्या शनिवारी सुट्टी दिली आणि किरकोळ रजा पंधरावरून दहावर आणल्या. रजा लगेच कमी झाल्या. शनिवार मात्र परीक्षेच्या मोसमात कामाचाच राहिला. बदली रजा कागदावर मिळते, घ्यायला गेलं की ‘आता नको, निकाल आहे’. निकाल कधी नसतो?

रात्री पावणेअकराला ग्रुपवर मेसेज येतो, ‘अर्जंट’. उद्या दहाच्या आत माहिती हवी. माहिती ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आहे, मी खानापुरात आहे. करता येण्यासारखं काही नसतं, तरी झोप उडते ती उडतेच. नवरा म्हणतो, फोन बंद ठेव. एकदा ठेवला होता. सकाळी सगळ्यांसमोर विचारणा झाली. मला बेचाळिसाव्या वर्षी बीपीची गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी विचारलं, ऑफिसात ताण आहे का? मी तिथंही आधी ‘नाही’ म्हटलं. सवयच लागली आहे.

सकाळच्या बसबद्दल एक चांगली गोष्ट सांगायला हवी. ११ जून २०२३ पासून राज्यात बायकांना साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही. माझे महिन्याचे बरेच पैसे वाचतात, आणि खेड्यातल्या मुली, ज्या पूर्वी कॉलेज सोडायच्या, त्या आता खिडकीवर येताना दिसतात. गर्दीमुळे उभं राहून यावं लागतं, त्याचं काही वाटत नाही. पण हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत हलग्याच्या सुवर्ण विधानसौधाजवळ मोर्चे, बंदोबस्त, रस्ता तुंबलेला, आणि बायोमेट्रिक दहा वाजून अकरा मिनिटं दाखवतं. महिन्यात असं तीनदा झालं की अर्धी किरकोळ रजा कापली जाते. संध्याकाळी साडेसातपर्यंत थांबले तर ते मशीन काही जमा धरत नाही. मशीनला हे कुणीतरी शिकवायला हवं होतं.

आमच्या ताणाची दखल घेतली गेली नाही असं मी म्हणणार नाही. गेल्या वर्षी सभागृहात अर्ध्या दिवसाचं ताणमुक्ती शिबिर झालं. योगाचे गुरुजी चांगले होते, श्वासाचे प्रकार मी अजून करते. पण शिबिराला हजेरी सक्तीची होती, खिडकी बंद होती, आणि परत आलो तेव्हा रांग जिन्यापर्यंत गेली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातल्या या थकून जाण्याची व्याख्या करताना कारण सांगितलं ते कामाच्या ठिकाणचा, नीट न हाताळलेला, सततचा ताण. माणसाच्या श्वासात कारण शोधलेलं नाही. दुरुस्ती करायची तर कामाच्या जागी करावी लागेल.

आणि ती होऊ शकते, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे पाच महिने एक अधिकारी होते. ते रोज संध्याकाळी पाच वाजता खिडकीवरच्या माणसांना दहा मिनिटं उभ्या-उभ्या भेटायचे. आज कुठल्या फायली सुटल्या, कुठल्या अडकल्या, का अडकल्या, उद्या कुठला नियम लागू होणार. मग एका कागदावर चार ओळी लिहून तो काचेला आतून लावायचे. तेव्हाही माणसं कमी होती, खुर्च्या याच होत्या, मोसम परीक्षेचा होता. पण कुणी विचारलं तर मी सांगू शकायचे: तुमची फाईल अमुक टेबलावर आहे, त्यावर अमुक शंका आली आहे, गुरुवारी सही होईल. माणसं चिडायची नाहीत. निकाल अडकला म्हणून लोक जेवढे चिडतात, त्याहून जास्त कुणी काही सांगत नाही म्हणून चिडतात. त्या पाच महिन्यांत मला संध्याकाळी डोकं दुखल्याचं आठवत नाही. मग त्यांची बदली झाली, कागद लावायचं बंद झालं. चिकटपट्टीचा डाग काचेवर अजून आहे.

म्हणून मागायचं ते असं. फाईल कुठं आहे हे ती लिहिणाऱ्या केस वर्करला दिसू द्या. तुमच्या संगणकावर ते दिसतं, माझ्यावर दिसायला वेगळा खर्च नाही. अडकलेल्या प्रत्येक प्रकरणात कारण आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी विद्यार्थ्याच्या हातात द्यायचा अधिकार खिडकीला द्या. चिठ्ठीवर माझी सही असू दे, चुकलं तर मला विचारा, त्याला मी तयार आहे. नियम बदलायचा असेल तर परिपत्रक आधी खिडकीवर येऊ दे, मग जगाला कळू दे. दोन दिवस पुरे आहेत. होरगुत्तिगेच्या माणसांचा पगार ठरल्या तारखेला झाला की नाही हे विद्यापीठाने दर महिन्याला स्वतः बघावं, आणि एजन्सी बदलली तरी त्यांची वर्षं, त्यांचा निधी तुटू नये अशी अट टेंडरमध्येच घालावी. रात्रीचा ‘अर्जंट’ सकाळी पाठवला तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. थांबलेल्या वेळेची बदली रजा त्याच सत्रात घेता यावी. रिकाम्या टेबलांवर माणसं हवीत हे तर आहेच, पण ते सरकारच्या मंजुरीवर आहे, त्यासाठी बाकीचं थांबवू नका.

आणि ती प्रश्नावली पुन्हा वाटा. या वेळी बंद पाकिटात, पेटी विभागाबाहेर ठेवा, गोळा करायला सुपरिंटेंडंट नकोत. होरगुत्तिगेच्या लोकांनाही द्या. मागच्या वेळी त्यांना दिली नव्हती, कारण ते ‘आपले कर्मचारी’ नाहीत.

या सगळ्याला बैठक लागेल, विषयपत्रिका लागेल, वेळ लागेल, हे मला समजतं. एक गोष्ट मात्र थांबणारी नाही. जांबोटीच्या पलीकडचे ते काका येत्या सोमवारी पहिल्या बसने येणार आहेत. त्यांच्या मुलीच्या टिप्पणीचा क्रमांक मी कुलसचिव (मूल्यमापन) यांच्या प्रतीवर पेन्सिलीने लिहिला आहे. सोमवारी सकाळी दहा वाजता त्यांना काय सांगायचं, ते शनिवार संध्याकाळपर्यंत मला लेखी कळवावं, ही विनंती.

आपली नम्र,
परीक्षा विभागातली एक एफडीए